आठ बायका आणि एक बंद दार

(सामुदायिक रेडिओवर बायकांसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमात केलेलं हे भाषण.)

जेवणं आटोपली असतील. कुणी ओट्यापाशी असेल, कुणी शिलाई मशीनवर, कुणी बांधावर सावलीला टेकली असेल. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज मी तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. त्यात आठ बायका आहेत, एक खून आहे आणि आठ गाणी आहेत. खून म्हटल्यावर दचकू नका. हसायलाही भरपूर आहे.

सिनेमा फ्रान्सचा. नाव 'उई फाम'. फ्रेंचमध्ये 'उई' म्हणजे आठ आणि 'फाम' म्हणजे बाई. थोडक्यात 'आठ बायका'. २००२ साली तो आला. दिग्दर्शक फ्रान्स्वा ओझों. मी तो पाहिला माझ्या लेकीच्या लॅपटॉपवर, आणि पाहताना माझ्या शेजारी बसली होती माझी आत्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. पडद्यावर खाली इंग्रजीत अक्षरं येत होती आणि मी ती तिला मराठीत सांगत होते. त्यामुळे मी हा सिनेमा एकटीने पाहिलाच नाही असं म्हणा. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं आत्याचं आहे.

आधी गोष्ट.

काळ १९५० नंतरचा. फ्रान्सच्या खेड्यातलं एक मोठं, श्रीमंत घर. बाहेर बर्फच बर्फ. नाताळ तोंडावर आलेला. थोरली मुलगी स्यूझों इंग्लंडहून सुट्टीला घरी आली आहे. सकाळची वेळ. घरात नवीन लागलेली कामवाली लुईझ मालकांचा नाश्ता घेऊन वर त्यांच्या खोलीत जाते आणि किंचाळते. मालक मार्सेल पलंगावर पालथे पडलेत आणि पाठीत सुरा.

धाकटी मुलगी कातरीन धावत वर जाते, बघते आणि दाराला कुलूप लावून टाकते. पोलीस येईपर्यंत कुणी काही शिवायचं नाही. तिला डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचायचा नाद आहे, त्यामुळे तिचं सगळे ऐकतात. पोलिसांना फोन करायला जावं तर फोनची तार कापलेली. गाडी काढावी तर ती चालू होत नाही. बर्फातून चालत जायची सोय नाही. आणि रात्री कुत्री भुंकली नव्हती. म्हणजे बाहेरचं कुणी आलंच नाही. खून करणारी घरातलीच. आठ जणींतली एक.

आता या आठ जणी कोण? इंग्रजीत हे समजवायला वेळ लागतो, आपल्याला एका दमात कळतं. मार्सेलची बायको गाबी. तिच्या दोन मुली, स्यूझों आणि कातरीन. गाबीची आई, म्हणजे मार्सेलची सासू. घरात तिला 'मामी' म्हणतात, कारण फ्रेंचमध्ये मामी म्हणजे आजी. आत्याला याचं फार हसू आलं. गाबीची बहीण ओगुस्तीन, लग्न न झालेली, म्हणजे मार्सेलची मेहुणी. मार्सेलची बहीण पिएरेत, म्हणजे गाबीची नणंद. जुनी स्वयंपाकीण मादाम शानेल, जिने दोन्ही मुलींना लहानाचं मोठं केलंय. आणि ही नवी कामवाली लुईझ. सासू, मेहुणी, नणंद, भावजय, पोरी, घरकाम करणाऱ्या. दार बंद, बाहेर बर्फ, आणि वरच्या खोलीत घरचा कर्ता.

मग काय होतं? जे होणार तेच. एकेकीची झडती सुरू होते. रात्री कोण उठलं होतं? कुणाच्या खोलीत दिवा होता? कोण शेवटचं मार्सेलशी बोललं? आणि प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी लपवलेलं निघतं. पदर आपल्याकडचा शब्द झाला, तिथे त्यांचे रेशमी झगे. पण तऱ्हा तीच. पांगळी म्हणून चाकाच्या खुर्चीत बसणारी आजी पहिल्या गडबडीतच उठून चालायला लागते. "चमत्कारच झाला की!" आत्या म्हणाली, "आपल्या खालच्या आळीतल्या त्या म्हातारीसारखी."

या सिनेमाच्या जन्माची हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९३९ साली जॉर्ज क्यूकर यांचा 'द विमेन' नावाचा सिनेमा आला होता. त्यात पडद्यावर एकही पुरुष नाही. ओझों यांना तो फ्रेंचमध्ये पुन्हा करायचा होता, पण त्याचे हक्क मिळेनात. मग त्यांच्या हाती रोबेर तोमा या फ्रेंच नाटककाराचं जुनं नाटक लागलं, 'आठ बायका' याच नावाचं. त्यावरून हा सिनेमा झाला. नाटकातून आलाय ते बघताना जाणवतं. जवळजवळ सगळं एकाच दिवाणखान्यात घडतं. समोर मोठा जिना, वर मालकाच्या खोलीचं बंद दार, खाली या आठ जणी. मेलेला मार्सेल पाठमोराच दिसतो. त्याचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही.

ओझों यांनी बायकाही निवडून घेतल्या. फ्रान्समधल्या तीन-चार पिढ्यांच्या नट्या एका घरात आणून बसवल्या. आजी झालेल्या दानिएल दारियू यांचा जन्म १९१७चा. चौदाव्या वर्षी त्या सिनेमात आल्या होत्या. 'उई फाम' आला तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढे २०१७ साली, वयाची शंभरी पूर्ण करून त्या गेल्या. गाबी झाल्यात कातरीन देनव्ह, फ्रान्सची मोठी नटी. मजा म्हणजे १९६७ साली एका सिनेमात दारियू आणि देनव्ह या मायलेकीच होत्या. पस्तीस वर्षांनी पुन्हा मायलेकी. ओगुस्तीन झाल्यात इझाबेल उपेर, नणंद पिएरेत झाल्यात फानी आर्दां, कामवाली लुईझ म्हणजे एमान्युएल बेआर. मुली झाल्यात विर्जिनी लदवायां आणि ल्युदिविन सान्ये. मादाम शानेल झाल्यात फिरमीन रिशार, मूळच्या ग्वादलूप बेटाच्या.

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या आठही जणींना मिळून एक रौप्य अस्वल मिळालं. तिथल्या पारितोषिकाचं नाव तसं आहे. युरोपातला त्या वर्षीचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कारही आठ जणींना मिळून दिला. फ्रान्समध्ये मात्र सेझार पुरस्कारांची बारा नामांकनं मिळाली आणि हाती एकही पुरस्कार आला नाही. घरच्यांनी कौतुक करायचं नाही, हा रिवाज तिकडेही आहे म्हणायचा.

आता गाण्यांकडे येते, कारण सिनेमाचा जीव तिथे आहे.

आठ जणी, आठ गाणी. प्रत्येकीला एक. आणि प्रत्येक नटीने स्वतःच्याच आवाजात म्हटलंय. त्या काही गायिका नाहीत. कुणाचा सूर जरा थरथरतो, कुणाचा दम कमी पडतो. पण त्यानेच ते खरं वाटतं. गाणी नवी नाहीत. फ्रान्समध्ये घराघरांत माहीत असलेली, बहुतेक १९६०नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतली गाजलेली गाणी. गोष्ट घडते त्याच्या आधी त्यातली बरीचशी जन्मालाही आली नव्हती. पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. भांडण ऐन रंगात आलेलं असतं, आणि एकदम एक जण पुढे येते, आपल्याकडे बघते आणि गायला लागते. गाणं संपलं की पुन्हा भांडण.

आत्याला आधी हे विचित्र वाटलं. "मेलेलं माणूस वर, आणि ही नाचते काय?" पण तिसऱ्या गाण्याला तिच्या लक्षात आलं ते माझ्या आलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, बोलताना सगळ्या खोटं बोलतायत. गाताना खरं बोलतात."

खरंच तसं आहे. बोलताना प्रत्येक जण काहीतरी लपवते, दुसरीवर ढकलते. गाण्यात मात्र मनातलं निघतं. धाकटी कातरीन गाण्यातून बापाची थट्टा करते, तुमचा काळ गेला म्हणते. शानेल गाते ते, एकटं राहावं लागू नये म्हणून माणसं काय काय करत असतात, याबद्दल. शानेलचं पिएरेतवर प्रेम आहे. वर्षानुवर्षं ते कुणाला सांगता आलेलं नाही. ते सगळ्यांसमोर उघडं पडतं आणि घरातल्या बाया तोंडं फिरवतात. ज्या बाईने पोरींना भरवलं, तिच्याकडे एका क्षणात परकी म्हणून बघतात. तेव्हा ती गाते. हसण्याच्या सिनेमात हा तुकडा काळजाला लागतो.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जात्यावर बसल्यावर आपल्या आज्यापणज्या हेच करत होत्या. सासूला जे तोंडावर म्हणता येत नव्हतं ते ओवीत म्हणायच्या. भाऊ न्यायला आला नाही, हे नवऱ्याला सांगायचं नाही, जात्याला सांगायचं. पीठ पडत राहायचं आणि मनातलंही. शेजारच्या खोलीत झोपलेल्याला ते ऐकू जायचं, पण गाणंच आहे म्हणून कुणी काही बोलायचं नाही. या सिनेमातल्या बायकांकडे जातं नव्हतं एवढंच.

आता ओगुस्तीन. मेहुणी. आणि माझी आत्या.

ओगुस्तीन ही बहिणीच्या घरात राहणारी, लग्न न झालेली बाई. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, तोंड कायम वाकडं. छातीत दुखतं म्हणून तक्रार, कुणी विचारलं नाही म्हणून तक्रार, विचारलं तरी तक्रार. इझाबेल उपेर यांनी ती अशी केलीय की हसून पोट दुखतं. आत्याही हसत होती. मीही हसत होते. आणि हसताना मला लक्षात येत होतं की आमच्या घरात लहानपणापासून आम्ही पोरंपोरी आत्याला 'कुरकुरी' म्हणत आलोय. नळ का सोडलास, दिवा का जाळतेस, मिरच्या उन्हात कुणी घातल्या. तिची पाठ वळली की आम्ही तिची नक्कल करायचो. आई दटावायची, पण तीही हसायची.

मग ती ओगुस्तीन पियानोपाशी जाऊन बसते. आणि गाते. आपलं प्रेम कुणाला सांगता न आलेल्या, निरोप तरी पोचेल का अशा धास्तीत असलेल्या बाईचं ते गाणं. मूळ गाणं फ्रान्स्वाझ आर्दी या गायिकेचं, १९७३ सालचं. ओगुस्तीनचा जीव आपल्या मेव्हण्यावर, मार्सेलवरच होता. कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आणखी हसले असते.

गाणं अर्धं झालं आणि आत्या म्हणाली, "थांबव जरा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. मी तशीच बसून राहिले. पाचेक मिनिटांनी ती आली, बसली आणि म्हणाली, "लाव."

त्या रात्री अंथरुणं घालताना तिने मला एक गोष्ट सांगितली. वयाच्या विसाव्या वर्षी तिला तालुक्याच्या गावी बालवाडीत शिकवायला या म्हणून पत्र आलं होतं. अकरावी मॅट्रिक झालेली, गावातली पहिलीच मुलगी. पत्र आलं, सगळ्यांनी वाचलं. माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या दादाने, वाचलं. आजीने वाचून घेतलं. आणि ते कोनाड्यात ठेवलं. "कुणी नाही म्हणालं नाही," आत्या म्हणाली. "कुणी हो पण म्हणालं नाही. सुगी होती. मग आई आजारी. मग दादाचं लग्न. पत्र कोनाड्यातच राहिलं. नंतर दिवाळीला रंग देताना कुणीतरी काढलं असेल." आणि मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं, तुला जायचंय का. विचारलं असतं तर हो म्हणाले असते."

मी पन्नास वर्षांची आहे. पन्नास वर्षं तिच्याबरोबर राहतेय. मीही विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हा सिनेमा पाहून काही जणी म्हणतात, मी स्वतःही आधी म्हटलं, की यात दाखवलंय ते आपलं नेहमीचंच. बायकाच बायकांच्या शत्रू. एकमेकींच्या झिंज्या उपटतात. गाबी आणि तिची नणंद तर खरोखर जमिनीवर लोळतात. पण दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी एक केलं. प्रत्येकीच्या हातात स्वतःचे पैसे किती, हे मोजत गेले.

गाबी, एवढ्या मोठ्या घराची मालकीण. तिला नवरा सोडायचाय. पण सोडून जायचं ते दुसऱ्या पुरुषाच्या आधाराने, नवऱ्याच्याच भागीदाराच्या. स्वतःचं असं काही नाही. नणंद पिएरेत भावाकडे पैसे मागायला येते. तिचाही जीव त्याच भागीदारावर, तोच माणूस दोघींना खेळवतोय. ओगुस्तीन बहिणीच्या घरी आश्रित. लुईझचा पगार मालकाच्या हातात, आणि मालकाशी तिचे जे संबंध आहेत तेही त्या पगारापासून वेगळे काढता येत नाहीत. शानेलची आयुष्यभराची चाकरी याच घरात. थोरल्या मुलीला, स्यूझोंला, दिवस गेलेत. लग्न झालेलं नाही. बापाने हाकललं तर जायचं कुठे? आणि आजी. आठ जणींत तिच्याकडे तेवढे स्वतःच्या नावाचे काही शेअर्स आहेत. ती ते धंद्यात अडचणीत आलेल्या जावयापासून लपवून ठेवते, दिवसरात्र त्यांना जपते. आपण तिला हावरट म्हणून हसतो. पण विचार करा. ज्या घरात आपलं म्हणावं असं एवढंच आहे, तिथे बाई दुसरं काय करेल?

म्हणजे सगळ्यांच्या नाड्या एकाच खिशात. आणि त्या खिशाचा मालक वर, पाठीत सुरा घेऊन पडलेला. भांडणार नाहीत तर काय करतील?

हे नुसतं सिनेमातलं नाही. फ्रान्स म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथल्या बाया पूर्वीपासून मोकळ्या. तसं नाही. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला, पहिल्यांदा त्यांनी मत दिलं ते १९४५ साली. आणि लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडायची आणि नोकरी करायची मोकळीक मिळाली ती १९६५च्या कायद्याने. गर्भनिरोधकाच्या साधनांना परवानगी १९६७मध्ये. गर्भपाताला १९७५मध्ये. म्हणजे गाबीला त्या बर्फाळ सकाळी बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडता आलं नसतं. स्यूझोंपुढे दुसरा रस्ता नव्हता. सिनेमात यातलं काही कुणी बोलत नाही. कायद्याचं नाव नाही, भाषण नाही. पण हे माहीत असलं की त्या घरातली कुलपं कळतात.

माझ्या आत्याला पत्र आलं ते त्या फ्रेंच कायद्यानंतर दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे तिला अडवणारा कुठला कायदा नव्हता. कोनाडा पुरला.

आता मी शेवट सांगणार आहे. ज्यांना सिनेमा बघायचाय आणि खुनी कोण हे आधी कळायला नको, त्यांनी दोन-तीन मिनिटं आवाज बारीक करा. ज्या हे छापलेलं वाचतायत त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

खून झालेलाच नसतो. धाकट्या कातरीनने आणि तिच्या बापाने मिळून केलेला तो बनाव असतो. आपल्यामागे घरातल्या बायका काय बोलतात, कोण रडतं, कोण काय लपवतं, हे बापाला ऐकायचं होतं. दाराला कुलूप त्यासाठी. किल्ली धाकटीकडे त्यासाठी. शानेलला ते उमगलेलं असतं. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला घरातलं सगळ्यात आधी कळतं. पण तिच्यावर गोळी झाडली जाते. गोळी लागत नाही, वाचा मात्र बसते. बाप दिवसभर दाराआडून ऐकत असतो. बायकोचं, सासूचं, मेहुणीचं, बहिणीचं, मुलीचं, सगळं. शेवटी कातरीन ते सगळ्यांना ऐकवते, किल्ली घेऊन वर धावते, दार उघडते. आणि तिच्या डोळ्यांदेखत बाप स्वतःवर गोळी झाडून घेतो. दिवसभर खोटा असलेला मृत्यू शेवटच्या मिनिटाला खरा होतो.

मला त्या माणसाची दयाही आली आणि रागही आला. ज्या बायकांबरोबर वीस-वीस वर्षं जेवला, त्यांच्या मनात काय आहे हे कळायला त्याला मेल्याचं सोंग घ्यावं लागलं. जेवताना विचारता आलं असतं. आणि त्या पोरीची दया आली. बापावर तिचं खरं प्रेम होतं, आणि त्याच्या मरणाला तीच हात लावून बसली. आत्या मात्र वेगळंच म्हणाली. म्हणाली, "मेला तरी घर त्याच्याभोवतीच फिरतंय बघ. एकीनेही दुसरीला विचारलं नाही, तुझं पुढे काय." मग थोडं थांबून म्हणाली, "आता विचारतील."

झालं, आवाज मोठा करा.

अगदी शेवटी आजी गाते. लुई आरागों या कवीची एक कविता, जॉर्ज ब्रासांस या गायकाने चाल लावलेली. सुखाचं प्रेम म्हणून काही नसतं, अशा अर्थाची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दारियू ती उभ्याने, शांतपणे म्हणतात. बाकीच्या एकमेकींच्या जवळ येतात, जोडीजोडीने सावकाश नाचतात. मग आठही जणी एका ओळीत उभ्या राहतात, एकमेकींचे हात धरतात आणि आपल्याकडे बघतात. दिवसभर ज्यांनी एकमेकींची लाज काढली, त्यांनीच हात धरलेत. सिनेमा तिथे संपतो.

कुणी म्हणेल नाटकाचा पडदा पडताना नट असे उभे राहतातच. बरोबर आहे. पण मला ते तेवढंच वाटलं नाही. आता एकमेकींचं सगळं माहीत झालंय. लपवायला काही उरलेलं नाही. त्यामुळेच बहुधा हात धरता आला.

सिनेमा पोरंसोरं झोपल्यावर बघा, मोठ्यांसाठीचा आहे. मिळाला तर एकटीने बघू नका. 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आपल्या भागातल्या बायका टेम्पो करून थिएटरात गेल्या होत्या, नऊवार नेसून गेल्या होत्या. तसं या सिनेमाला जाता येणार नाही. पण दोघी-तिघी बसा, आणि घरातली एखादी म्हातारी बाई बरोबर घ्या. मेहुणी, नणंद, चुलत सासू, आत्या, जी कुणी तुमच्या घरात कुरकुर करते ती. भाषा येत नाही म्हणून अडत नाही. तुम्ही सांगत जा.

आता आत्याविषयी शेवटचं सांगते आणि थांबते. हे भाषण लिहिल्यावर मी तिला वाचून दाखवलं. म्हटलं, "तुझं सांगू का रेडिओवर? नको असेल तर काढते." ती बराच वेळ मिरच्यांचे देठ काढत राहिली. मग म्हणाली, "सांग. पण नाव घेऊ नकोस. आणि दादाला वाईट वाटेल असं काही बोलू नकोस. तो वाईट नव्हता. त्याला सुचलं नाही."

मी काल तिला विचारलं, आत्ता तुला काय करावंसं वाटतं? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे काय विचारतेस म्हणून ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. म्हणाली, अंगणवाडीच्या ताई दुपारी पोरांना गोष्टी सांगायला कुणी आहे का विचारत होत्या. कुणी गेलंय का, बघून ये.

मी विचारून आले. कुणी गेलेलं नाही. परवापासून आत्या जाणार आहे. सकाळपासून तिची कुरकुर चालू आहे, की चांगलं लुगडं कुणी घडी न घालता ठेवलं. मी ठेवलं होतं. घडी घातली.

तुमच्या घरात असं कोनाड्यात राहिलेलं एखादं पत्र असेल, तर आम्हाला कळवा. केंद्रावर येऊन सांगा, किंवा कुणाकरवी निरोप पाठवा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. पुढच्या वेळी त्यातलं काही आपण ऐकू. तोवर नमस्कार.